आजारी सशांचा आजीवन सांभाळ ही कोणाची जबाबदारी?

पाळीव सशाची देखभाल नीट झाली तर तो आठ ते बारा वर्षे जगतो. ससा विकत घेणाऱ्याला ही साधी गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून लहान गावांतल्या आठवडी बाजारापर्यंत ही पिल्ले विकली जातात, मुलांच्या हट्टापायी घरी येतात आणि काही महिने त्यांचे कौतुक होते. मग कुरतडलेल्या वायरी, मूत्राचा वास आणि सुट्टीत गावी जाताना ससा कोणाकडे ठेवायचा याची अडचण सुरू होते. त्यातच तो आजारी पडला की त्याचे घरातले स्थान संपते. काही ससे सोसायटीच्या बागेत सोडले जातात, तर काही प्राणिमित्रांच्या दाराशी खोक्यात घालून ठेवले जातात. तरुण आणि निरोगी सशाला दुसरे घर मिळू शकते. पण ज्याचे मागचे पाय लुळे पडले आहेत, ज्याचे दात दर काही आठवड्यांनी घासून घ्यावे लागतात किंवा ज्याची मान कायमची वाकडी झाली आहे, त्याला दत्तक घ्यायला क्वचितच कोणी पुढे येते. अशा सशाचा त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत, किंवा त्याच्या यातना थांबवणे भाग पडेपर्यंत, सांभाळ झाला पाहिजे असे माझे मत आहे. हा सांभाळ म्हणजे त्या प्राण्याचे आपल्यावर असलेले देणे आहे. आज ते देणे मूठभर हळवी कुटुंबे पदरमोड करून फेडत आहेत. ते विक्रेता, मालक, प्रयोगशाळा आणि शासन यांच्यात वाटले गेले पाहिजे.

याला देणे म्हणण्याचे कारण सशाच्या शरीरातच सापडते. सशाचे अठ्ठावीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि पुढच्या दातांची वाढ आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर असते. दिवसभर तंतुमय गवत चघळले की हे दात एकमेकांवर घासून आपोआप झिजतात. परंतु बसके, गोल तोंड माणसाला गोजिरे वाटते म्हणून आखूड जबड्याच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक सशांचे वरचे व खालचे दात एकमेकांवर बसेनासे झाले. असे दात वाढून गालात आणि जिभेत रुततात, त्यांची मुळे जबड्याच्या हाडात शिरतात आणि तिथे गळू होते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असल्यामुळे गळू फोडून भागत नाही. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करून त्याची पिशवीच काढावी लागते, आणि तेवढ्यावरही ते पुन्हा होणार नाही याची खात्री नसते. लोंबत्या कानांच्या जाती माणसानेच घडवल्या, आणि त्यांच्या कानांच्या अरुंद, वळलेल्या नळीत संसर्ग घर करून राहतो.

जातीने जे बिघडवले नाही ते अनेकदा संगोपन बिघडवते. पोळी, बिस्किटे आणि गाजरे यांवर वाढवलेल्या सशाच्या आतड्यांची हालचाल मंदावते. आणि बारा तास अन्नाला तोंड न लावलेला ससा हा तातडीचा रुग्ण असतो. लसूणघास गाईगुरांसाठी उत्तम असली तरी प्रौढ सशाला रोज देणे घातक ठरू शकते, कारण त्याचे शरीर अन्नातले कॅल्शियम गरजेपेक्षा अधिक शोषून घेते आणि जादाचे मूत्रावाटे बाहेर टाकते, त्यामुळे मूत्राशयात गाळ साचतो किंवा खडे होतात. सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात. तारेच्या जाळीवर महिनोन्‌महिने उभे राहिल्याने तिथे जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जाऊ शकतात. त्याचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो, पण मांड्यांचे स्नायू कमालीचे बळकट असतात. चुकीच्या रीतीने उचललेल्या सशाने घाबरून जोराने लाथ झाडली तर त्याचा स्वतःचा मणका मोडतो आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी होते. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसे गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असते. या यादीतला क्वचितच एखादा आजार असा असेल की ज्याच्या मागे माणसाची निवड, माणसाचे अज्ञान किंवा माणसाची घाई नाही.

मान वाकडी झालेल्या सशाची शुश्रूषा मी जवळून पाहिली आहे आणि काही काळ केलीही आहे. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी बाधित सशाच्या मूत्रातून किंवा आईकडून पिल्लात जातो, गर्दीच्या पिंजऱ्यांत सहज पसरतो आणि कधी कधी मेंदू, मूत्रपिंड किंवा डोळ्यावर हल्ला करतो. मी सांभाळलेल्या एका करड्या मादीचा याच बाधेने तोल गेला तेव्हा ती उभी राहू पाहताच एका अंगावर गडगडत असे. तिच्या चहूबाजूंनी टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या लावाव्या लागत, म्हणजे शरीराला टेकू मिळे. जो डोळा सतत खालच्या बाजूला राही त्यात धूळ आणि गवताची कुसळे जात, म्हणून दिवसातून अनेकदा तो पुसून त्यात औषधाचे थेंब घालायचे. गोळ्यांचे खाद्य भिजवून, वाटून, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून सिरिंजने थोडे थोडे भरवायचे आणि प्रत्येक घोट गिळला की नाही हे पाहायचे, कारण घाई केली तर ते श्वासनलिकेत जाते. फेनबेंडाझोल हे परजीवीनाशक औषध २८ दिवस चालले. पोटाखालचे केस ओले राहिले तर पावसाळ्यात माशा तिथे अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या पडू शकतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिचे अंग कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे लागे. तिची मान शेवटपर्यंत सरळ झाली नाही. परंतु ती त्या तिरक्या मानेनेच धावायला शिकली, कोथिंबिरीची पिशवी उघडल्याचा आवाज आला की दाराशी येऊन उभी राहू लागली आणि आनंदात आली की ससे मारतात तशी अंगाला पीळ देणारी उडीही मारू लागली, मग ती उतरताना दर वेळी थोडी कलंडायची एवढेच. व्यंग म्हणजे यातना असे समीकरण मांडून अशा प्राण्याला सरसकट निरुपयोगी ठरवणाऱ्यांनी एकदा तरी असा ससा बरा होताना पाहावा, असे मला मनापासून वाटते.

त्याला निसर्गात सोडून द्यावे, तो आपले आपण जगेल, हे मत अजूनही भेटते. ते पूर्णपणे चुकीचे आहे. दुकानात मिळणारा ससा मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या परिसरातल्या रानटी सशापासून माणसाळवला गेला. आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळ्या प्रजातीचा आहे. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ त्याला संरक्षण देतो. पांढरा पाळीव ससा गवतात लपू शकत नाही, ऊन सोसू शकत नाही, आणि वर लुळा किंवा आंधळा असेल तर एका रात्रीपुरतीही त्याची शाश्वती नसते. जगला तर तो आपले रोग रानातल्या प्राण्यांपर्यंत नेऊ शकतो. सोडून देणे म्हणजे मृत्यू आपल्या डोळ्यांआड घडवून आणणे होय.

याहून गंभीर आक्षेप माणसांच्या बाजूने येतो. ज्या राज्यात अनेक तालुक्यांत माणसांना वेळेवर डॉक्टर मिळत नाही, तिथे लुळ्या सशाच्या एक्स-रेवर पैसा आणि वेळ का खर्च करावा? या प्रश्नाला उडवून लावणे मला पटत नाही. परंतु जबाबदारी ही नेहमी गरजेच्या तीव्रतेप्रमाणे उतरत्या क्रमाने लागू होत नाही. काही जबाबदाऱ्या आपण स्वतः केलेल्या कृतीतून उद्भवतात. ज्याने प्राणी जन्माला घातला, विकला किंवा विकत घेतला, त्याच्यावर त्या प्राण्याचे ऋण जगातली बाकीची दुःखे शिल्लक असतानाही राहतेच. शिवाय सशाच्या शुश्रूषेतला मोठा भाग हा वेळेचा आणि कौशल्याचा असतो, आणि तो देणारी माणसे एरवी आपला वेळ रुग्णालये बांधण्यात घालवणार होती असे मानायला काही आधार नाही.

दुसरे असे, की उत्पन्न न देणाऱ्या जनावराला मरेपर्यंत पोसणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मुंबईत भुलेश्वरजवळचा पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी सुरू केला. त्यामागे दोनच वर्षांपूर्वीच्या दंगलीची पार्श्वभूमी होती. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली आणि १८३२ साली शहरातल्या पारशी व इतर रहिवाशांनी त्याविरुद्ध उठाव केला होता. भाकड गाय, लंगडा घोडा, म्हातारा बैल यांना दावणीला ठेवून मरेपर्यंत चारा घालणाऱ्या या संस्थांकडे कोणी वेडेपणा म्हणून पाहिले नाही. अलीकडे, २०२४ साली, राज्य शासनाने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर दिवशी प्रति गाय ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला, तेव्हा उत्पादक नसलेल्या प्राण्याचा सांभाळ हा सार्वजनिक खर्चाचा विषय होऊ शकतो हे तत्त्व शासनानेच मान्य केले. गाईविषयी समाजाची जी भावना आहे ती सशाविषयी नाही हे उघड आहे, आणि तितकेच अनुदान मागण्याचा माझा आग्रहही नाही. पण तत्त्व एकदा मान्य झाले की लहान प्राण्यांना त्यातून पूर्णपणे वगळण्याचे कारण सांगावे लागते, आणि ते आजवर कोणी सांगितलेले नाही.

आजीवन सांभाळाचे समर्थन करताना मी दयामरणाला विरोध करत नाही. याबाबत प्राणिमित्रांमध्ये दोन टोके दिसतात. एका बाजूला व्यंग दिसताच इंजेक्शन देऊन मोकळे होणारे असतात, आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या श्वासापर्यंत नळ्या लावून प्राण्याला धरून ठेवणारे असतात. दोन्हीकडे निर्णय प्राण्याकडे पाहून होत नाही. अडचण अशी की ससा हा शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्यामुळे वेदना लपवण्यात तरबेज असतो. तो विव्हळत नाही, फक्त शांत बसतो, आणि शांत ससा समाधानी आहे असे नवख्याला वाटते. २०१२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मिटत आलेले डोळे, चपटे पडलेले गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, मिशांची ताठ ठेवण आणि मागे आवळून घेतलेले कान अशी पाच लक्षणे तीत गुणांकनाने नोंदवतात. कोणत्याही निवाऱ्यात दीर्घ आजारी सशासाठी ही नोंद रोज ठेवली गेली पाहिजे. त्याच्या जोडीला वजन, खाल्लेले गवत आणि लेंड्यांचे प्रमाण एवढे लिहिले तरी पुरेसे आहे. आठवडाभराच्या नोंदी समोर असल्या की सांभाळणाऱ्याला आपल्या ओढीपलीकडे जाऊन पाहता येते. आणि दयामरणाचा निर्णय रोज भरवणाऱ्या व्यक्तीने एकटीने न घेता दोन पशुवैद्यकांच्या मताने घ्यावा, म्हणजे त्या व्यक्तीवर अपराधाचे ओझेही राहत नाही.

उपचारांतही हाच विवेक लागतो. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल आणि गुंगी यांच्याशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के आणि सशांमध्ये १.३९ टक्के आढळले. म्हणजे जो ससा दर काही आठवड्यांनी भूल देऊन दाढा घासून घेणार आहे, त्याच्यासाठी प्रत्येक भेट ही एक जोखीम आहे. पुढचे दात सतत वेडेवाकडे वाढत असतील तर ते एकदाच काढून टाकणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे असते, कारण ससा ओठांनी आणि दाढांनी चिरलेला पाला व गवत उत्तम खाऊ शकतो. असे निर्णय आयुष्यभराचा हिशोब डोळ्यांपुढे असेल तरच सुचतात. आजचा दिवस निभावून नेणाऱ्या निवाऱ्याला ते सुचत नाहीत.

आजीवन या वचनाला मर्यादाही लागते आणि ती आधीच आखावी लागते. २००६ साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रेनो शहराजवळच्या एका आवारातून दीड हजारांहून अधिक ससे बाहेर काढावे लागले. सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्याल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे नर-मादी वेगळे न ठेवता केलेली दया काही वर्षांत छळछावणी होऊन बसते. आपल्याकडेही 'नाही म्हणवत नाही' या एकाच कारणाने चांगली माणसे शंभर पिंजऱ्यांत बुडून गेलेली आहेत. मला वाटते, नकार देणे हा निवाऱ्याच्या कामाचाच भाग आहे. किती ससे आणि त्यांतले किती विशेष शुश्रूषेचे, हा आकडा पैशावरून ठरवू नये, दिवसातून तीन वेळा औषधपाणी करणाऱ्या हातांवरून ठरवावा, तो लेखी असावा आणि विश्वस्तांनीही तो मोडू नये. प्रत्येक आजीवन सशामागे वेगळी ठेव असावी आणि संस्थाचालकाच्या पश्चात ते ससे कोणाकडे जातील हे आधीच ठरलेले असावे.

महाराष्ट्रात याचे स्वरूप मोठ्या आश्रमासारखे असू नये असेही मला वाटते. सशाला घाम येत नाही. तिशीच्या पुढे पारा गेला की तो त्रासू लागतो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तो दुपार काढू शकत नाही. कुत्र्यांच्या भुंकण्याने त्याच्या आतड्यांवर परिणाम होतो, म्हणून सरसकट सर्व प्राण्यांच्या निवाऱ्यात त्याची हेळसांड होते. अमेरिकेत १९८८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या हाउस रॅबिट सोसायटीने वेगळी वाट धरली: ससे पालक-घरांत राहायचे आणि संस्था त्यांच्यामागे उभी राहायची. आपल्याकडेही संस्थेने वैद्यकीय खर्च, औषधे आणि सुके गवत पुरवावे, आणि शुश्रूषा शिकवलेल्या कुटुंबाने एखाद-दुसरा ससा आयुष्यभर घरात ठेवावा, ही रचना अधिक टिकाऊ ठरेल. त्यात आणखी एक लाभ आहे. ससा एकटा कुढतो. लुळ्या सशाला निरोगी जोडीदार मिळाला तर तो त्याचे तोंड-कान चाटून साफ ठेवतो आणि त्याच्याकडे पाहून आजारी ससा खायलाही लागतो. अशी जोडी घरात जुळवणे पिंजऱ्यांच्या रांगेत जुळवण्यापेक्षा सोपे असते.

आता खर्चाचा प्रश्न. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार भूक-तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा ५० रुपये आहे. एवढ्या रकमेत सशाच्या एका दिवसाच्या औषधांचीही सोय होत नाही. दंडाची रक्कम वाढवण्याची मागणी जुनीच आहे आणि ती मान्य व्हायला हवी. परंतु त्याहून उपयोगी तत्त्व २०१७ च्या नियमांत आधीच आहे. क्रूरतेच्या खटल्यात जप्त केलेल्या प्राण्याच्या देखभालीचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तरतूद त्यांत आहे. प्रयोगशाळांबाबतही केंद्राच्या नियमांनी प्रयोगानंतरच्या प्राण्यांची देखभाल व पुनर्वसन ही संशोधकाची जबाबदारी मानली आहे आणि त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायला सांगितले आहे. ज्याच्यामुळे प्राण्यावर वेळ आली त्याने सांभाळाचा खर्च उचलावा हे तत्त्व अशा रीतीने आपल्या कायद्यात दोन ठिकाणी आहे. विक्रेता तेवढा त्यातून सुटला आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांनी दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि विक्रीच्या नोंदी बंधनकारक केल्या. त्याच नोंदींच्या आधारे विकल्या गेलेल्या प्रत्येक सशामागे ठरावीक रक्कम मंडळाकडे जमा करायला लावणे आणि ती मान्यताप्राप्त संस्थांना फक्त विशेष शुश्रूषेच्या सशांसाठी देणे, हे राज्याला अवघड जाऊ नये. किंमत वाढली म्हणून काही जण ससा घेणार नाहीत, तर तेही इष्टच आहे.

पैसा मिळाला तरी हात लागतात, आणि आज सशाचे दात तपासणारा पशुवैद्यक मुंबई-पुण्याबाहेर शोधूनही सहजासहजी सापडत नाही. आपल्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा भर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांवर आहे, आणि शेतीप्रधान राज्यात तो असणे रास्तच आहे. त्यामुळे तोंडावाटे दिलेले पेनिसिलिन गटातले औषध सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकते, किंवा कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरायचे फिप्रोनिल त्याला विषारी ठरते, ही माहितीसुद्धा अनेकदा मालकानेच डॉक्टरांना सांगावी लागते. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालची इतर महाविद्यालये यांनी आंतरवासितेतले काही आठवडे अशा संस्थांत घालवण्याची मुभा विद्यार्थ्यांना द्यावी. एकाच सशाच्या तोंडात दुर्बीण घालून वर्षभरात पुन्हा पुन्हा पाहण्याची, एकाच लुळ्या प्राण्याच्या मूत्राशयाची महिनोन्‌महिने काळजी घेण्याची संधी दवाखान्यातल्या धावत्या भेटीत मिळत नाही. ती अशा ठिकाणीच मिळते. विद्यार्थ्यांना अनुभव आणि संस्थेला मोफत वैद्यकीय देखरेख, असा हा व्यवहार आहे. त्यासाठी नवी इमारत किंवा नवा विभाग लागत नाही. विद्यापीठ आणि संस्था यांच्यातला एक करार पुरतो, आणि तो येत्या शैक्षणिक वर्षापासूनच करता येईल.